नऊ वाजून सतरा मिनिटं

पहिल्याच दिवशी मी सहा जणांचं रक्त नासवलं. काढताना नाही, काढून झाल्यावर.

त्याआधी अकरा वर्षं मी मिरजेत लॅब टेक्निशियन होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातनं लोक इथं दुखणी घेऊन येतात. सकाळच्या ओपीडीत पन्नास-साठ जणांचं कलेक्शन हे माझं रोजचं काम. लहान बाळाची शीर असो, डायलिसिसवाल्याचा हात असो, हात थरथरला नाही कधी. त्यामुळे तासगाव तालुक्यातल्या एका अभ्यासासाठी ‘गावात जाऊन सॅम्पल आणायची’ असं काम आलं, तेव्हा मला वाटलं, यात काय एवढं.

अभ्यास द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांचा होता. आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला औषधच म्हणतो, ‘औषध मारायला गेलाय’ म्हणतो, तर मीही तोच शब्द वापरते. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली औषधं किडीच्या नसांवर ज्या वाटेने घाव घालतात, ती वाट माणसाच्या अंगातही आहे. नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायू हलतो, आणि कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते लगेच साफ करतं. औषध त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं. फार जखडलं तर तोंडाला लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, धाप, हे आपण कॅज्युअल्टीत बघतो. पण थोडं थोडं, हंगामभर जखडत गेलं तर माणूस फक्त ‘जरा थकल्यासारखं वाटतंय’ म्हणतो. हे थोडं थोडं रक्तात मोजता येतं. एक एन्झाइम तांबड्या पेशींवर असतं, दुसरं प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या पिवळसर पाण्यात.

गोम अशी की याची पातळी माणसामाणसात फार वेगळी असते. एकदाच रक्त काढून ‘तुझं कमी आहे’ असं सहसा म्हणता येत नाही. त्याच माणसाचं फवारणीच्या आधीचं रक्त हाताशी लागतं. म्हणून पहिली फेरी ऑक्टोबर छाटणीच्या अगोदर, शेवटचं कीटकनाशक मारून निदान ३० दिवस झालेल्यांची. छाटणी झाली, वेलीला डोळे फुटले, उडद्या किडा दिसला की पंप बाहेर निघणार. मग त्या माणसाचं आधीचं रक्त त्या वर्षापुरतं गेलं ते गेलंच.

आणि मी सहा जणांचं घालवलं.

झालं असं. सावळजच्या अलीकडच्या एका गावात समाजमंदिरात आम्ही टेबल मांडलं. मिरजेपर्यंत तासाभराचा रस्ता, म्हणून सॅम्पल थंड न्यायची. थंड का, तर बल्बमधल्या, म्हणजे रक्त घ्यायच्या नळीतल्या, रक्तातही औषध आणि एन्झाइमची झटापट चालूच राहते, आणि थंडीत ती मंदावते. मी आदल्या रात्री डीप फ्रीझरमध्ये टाकलेले आईसपॅक, दगडासारखे झालेले, सकाळी काढून थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवले आणि मधे बल्ब उभे केले. मनात म्हटलं, जितकं गार तितकं बरं. मिरजेला येऊन सेंट्रिफ्यूज, म्हणजे बल्ब गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं मशीन, फिरवलं, तर कडेच्या सहा बल्बांत वरचा प्लाझ्मा पिवळा नव्हे, कोकम सरबतासारखा. पॅकला टेकलेलं रक्त गोठलं होतं आणि तांबड्या पेशी फुटल्या होत्या. ओपीडीत हिमोलाइज झालं, म्हणजे अशा पेशी फुटल्या, की आपण पोटॅशियमची काळजी करतो. इथं त्याहून वाईट, कारण पेशींतलं एन्झाइम प्लाझ्मात उतरलं आणि प्लाझ्माचा आकडा फुगला. पेशी फुटल्यावर त्यांच्यावरचं एन्झाइमही नीट मोजता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हे मी उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, ते तिचे उपकार. एक पॅक उचलला, माझ्या कानाशी धरून हलवला. ‘‘वाजतंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नाही ठेवायचा. बाहेर ठेव, घाम येऊ दे. आत पाणी खुळखुळलं की मग ठेव. लसीला आम्ही तेच करतो. थंड पाहिजे, गोठलेलं नको.’’

अकरा वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण आमच्या लॅबमध्ये सॅम्पल आणि मशीन यांच्यात वीस पावलांचं अंतर असायचं. त्यानंतर मी पॅक आणि बल्ब यांच्यात फडक्याची घडीही घालायला लागले. त्या सहा जणांकडे परत गेलो. चौघांनी पुन्हा हात पुढे केला. एकाने तोवर उडद्यासाठी औषध मारून टाकलं होतं, म्हणजे तो गेलाच. सहावा म्हणाला, ‘‘एकदा दिलंय की.’’ त्याचंही बरोबर होतं. डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरल्या पद्धतीबाहेर काही घडलं की भरायच्या, फॉर्मवर काय चुकलं, कुणाचं चुकलं हे लिहायचं असतं. मी माझं नाव लिहिलं. लिहिताना कान तापले होते.

सुईआधीची गोष्ट सांगायला हवी, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथंच जायचा. संमतीपत्र. आमचा अभ्यास रोगावरच्या नव्या औषधाची चाचणी नव्हता, तरी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि एथिक्स कमिटीची मंजुरी यांच्याबाहेर एक थेंबही काढायचा नाही. माहितीपत्रकाचं पहिलं मराठी कुणी केलं होतं देव जाणे. ‘सहभागी व्यक्तीच्या शिरेद्वारे रक्त संकलित करण्यात येईल’ असलं. मी ते गावात एकदा वाचून दाखवलं, तर पारावरचे एक आबा म्हणाले, ‘‘आता मराठीत सांगा.’’ ते बदलून कमिटीकडून पुन्हा मंजूर करून घेण्यात महिना गेला, आणि त्यात तासगावचा रथोत्सव आडवा आला. ऋषिपंचमीला रथ ओढायचा सोडून कोण रक्त द्यायला बसणार? आम्हीही त्या आठवड्यात तारीख धरली नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना सगळं वाचून दाखवायचं, त्रयस्थ साक्षीदार बसवायचा, मग अंगठा. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे द्यायची. एक म्हातारी आली होती. तिला रक्त द्यायचं नव्हतं, द्यायचं होतं तिच्या मुलाला. पण ती शाईच्या डबीकडे बघून म्हणाली, ‘‘आमच्या सासऱ्यानं असाच अंगठा दिल्ता. तवापास्नं वरच्या अंगाची जमीन न्हाई आमची.’’ मुलाला सही करता येत होती, तरी तो थांबला. मग मी त्याला म्हटलं, कागद घरी न्या, कुणाला तरी दाखवा, उद्या या. तो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन आला. सेक्रेटरीने चष्मा लावून पानन् पान वाचलं आणि विचारलं, ‘‘यात सातबारा कुठं नाही ना?’’ नव्हता. मग सही झाली.

शेवटच्या पानावर एक वेगळी चौकट होती: उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवायला हरकत आहे का? बहुतेक लोक ‘ठेवा की’ म्हणायचे. एक जण मात्र ठाम. ‘‘माझं रगात माझ्या माघारी फ्रीजमधी कशाला? काम झालं की टाकून द्या.’’ त्याच्या नंबरच्या प्रत्येक व्हायलवर, म्हणजे कुपीवर, मी वेगळी खूण केली आणि तपासणी झाल्यावर ती नष्ट केल्याची नोंद सहीनिशी ठेवली. माझ्या एका सहकाऱ्याला हा उपद्व्याप वाटला. मला नाही वाटला. त्या चौकटीला अर्थ असायचा असेल तर ‘नाही’ म्हणणाऱ्याचं रक्त खरंच जायला हवं.

आता सुई. बागेत राबणाऱ्यांच्या शिरा म्हणजे दोरखंड, डोळे मिटून लागतील. पण इथं स्पिरिटच्या बोळ्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला लावायचे, कारण कातडीवर औषधाचा अंश असेल तर तो सॅम्पलमध्ये नको. मग स्पिरिट, आणि ते पूर्ण सुकू द्यायचं. ओलं असताना टोचलं तर झोंबतंही आणि रक्तही फुटतं. टर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, एका मिनिटाच्या वर नाही, मूठ आवळ-सोड नाही. आधी पिवळ्या टोपणाचा जेल बल्ब, मग दोन जांभळे, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ईडीटीएचे. हा क्रम उलटा झाला तर ईडीटीएमधलं पोटॅशियम पिवळ्यात जातं आणि बिचाऱ्याचा पोटॅशियम उगीच वाढलेला दिसतो. पिवळा कशाला, असं मीही विचारलं होतं. प्लाझ्मातलं एन्झाइम यकृतात तयार होतं. यकृत बिघडलं, गर्भारपण असलं, खाण्यापिण्याची आबाळ असली तरी ते घटतं. घटलं ते औषधानं की दारूनं, हे कळायला लिव्हरच्या तपासण्या बरोबर हव्यात.

एकदा मदतनीस सवयीने करड्या टोपणाचे फ्लोराइड बल्ब घेऊन आला, शुगरचे. चालतील की, तोही रक्ताचाच बल्ब, असं त्याचं म्हणणं. फ्लोराइड स्वतःच कोलिनएस्टरेजला अडवतं. त्यात घेतलं असतं तर गावातला एकूण एक माणूस विषबाधेचा निघाला असता. तेव्हापासून करडं टोपण मी गाडीतच चढू देत नव्हते.

तिन्ही मिळून साधारण बारा मिली. चहाचे अडीच चमचे. हे मी चमचा घेऊन दाखवायचे, कारण गावात ‘बाटलीभर काढत्यात आन् मुंबईला इकत्यात’ ही बातमी आमच्या आधी पोचलेली असायची. दुसरी अडचण उपवासाची. ही तपासणी जेवूनही चालते, आम्ही निरोपात तसं सांगायचो, तरी लोक उपाशीच यायचे. रक्त म्हणजे उपाशीपोटी, हे डोक्यात पक्कं. एक पंचविशीचा पैलवान गडी, सकाळी तालमीत जाऊन रिकाम्या पोटी आलेला, दुसऱ्या बल्बाला पांढराफटक पडला आणि खुर्चीतनं घसरला. आडवा केला, पाय वर धरले, दोन मिनिटांत डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर ‘‘कुणाला सांगू नका.’’ समाजमंदिरात चाळीस माणसं बसली होती.

सुया परत टोपणात घालायच्या नाहीत, तशाच पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. वापरलेले बल्ब लाल पिशवीत. आणि कचऱ्यातलं काहीही गावात सोडायचं नाही. हे सवयीने होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं शिक्षण मिरजेच्या बेंचवर झालं. जांभळा बल्ब हलकेच आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करायचा, झटकायचा नाही. पिवळा अर्धा तास उभा, गुठळी नीट होईपर्यंत. मग सेंट्रिफ्यूज, दहा मिनिटं. माझ्या डोक्यात ‘तीन हजारावर दहा मिनिटं’ हे पाढ्यासारखं बसलेलं. प्रोटोकॉलमध्ये मात्र आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्हतेच, १५०० जी असं होतं, म्हणजे गुरुत्वाच्या पंधराशे पट ओढ. आमच्या पहिल्या मशीनच्या रोटरची त्रिज्या १५ सेंटीमीटर होती, त्यावर ३००० म्हणजे जवळपास १५०० जीच, म्हणून पहिले काही आठवडे पाढा चालून गेला. मग ते मशीन बिघडलं आणि १० सेंटीमीटरवालं छोटं आलं. त्यावर मी ३००० लावणार, एवढ्यात प्रोजेक्टवरच्या नव्या मुलीने कॅल्क्युलेटर काढला. त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग गुणिले ०.००००१११८. उत्तर १००६. त्याच ताकदीसाठी या मशीनवर साधारण ३६६० लागणार होते. मी अकरा वर्षं बटण दाबत होते, ती चार महिन्यांपूर्वी कॉलेजातनं बाहेर पडलेली. तिला मी चहा पाजला. आकडा कागदावर लिहून मशीनच्या झाकणावर चिकटवला.

फिरवून झाल्यावर वर प्लाझ्मा, खाली तांबडं, मधे पांढऱ्या पेशींची सायीसारखी पातळ चकती. पिपेटची टिप त्या सायीच्या वर दोन-तीन मिलिमीटर थांबवायची. शेवटचा थेंब ओढायचा मोह फार होतो, विशेषतः ज्याचं रक्त मिळवायला तीन हेलपाटे पडलेत त्याचा. ओढायचा नाही. अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या क्रायोव्हायल, गोठवायच्या छोट्या कुप्या, भरायच्या, म्हणजे पुढे एका तपासणीसाठी सगळंच वितळवून परत गोठवायला नको. नाव कुठेच नाही, फक्त नंबर. सुरुवातीला नंबर मार्करने लिहीत होते. स्पिरिटचा हात लागून एका व्हायलवरचा सात पुसला आणि एक उरला, तेव्हा पोटात गोळा आला. मग छापील फ्रीझर-लेबलं आली, तीही गोठवण्याआधी कोरड्या व्हायलवर लावायची. दव धरलेल्यावर काही चिकटत नाही. शेवटी पेशी सिस्टरच्या खुळखुळ्या बर्फाजवळ, प्लाझ्मा उणे ८० ला.

मग अभ्यासाच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरबाई आल्या, पुण्याहून. त्यांनी माझी कलेक्शनची वही उघडली, दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. चूक कुठे खोडली असेल तर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख, खालचं वाचता यायला हवं. ते मी सगळं नीट केलेलं, त्यामुळे निर्धास्त होते. त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या गावातले लोक पाच मिनिटांच्या गणितानेच येतात का?’’

मला कळलं नाही. त्यांनी रकान्यावर बोट फिरवलं. ८:४५, ८:५०, ९:००, ९:०५, ९:१५. एकही वेळ अशी नव्हती की जिचा शेवट शून्य किंवा पाचने झाला नसेल. मी खोटं लिहिलं नव्हतं. बल्ब भरून, बोळा देऊन, पुढच्याला बोलावून, मग घड्याळाकडे बघून अंदाजाने लिहीत होते, घरी दुधवाल्याचं लिहितो तसं. पण काढल्यापासून प्लाझ्मा वेगळा होईपर्यंत दोन तासांची मर्यादा होती, आणि अंदाजावर ती मर्यादा पाळली की मोडली हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या दिवसापासून मी सुई काढायच्या आधी घड्याळ बघते. घरी चहा टाकला तरी बघते, नवरा चिडवतो.

दुसरी फेरी डिसेंबरात झाली, घडात पाणी उतरायच्या आधी. तोवर बागांतनं दिवसाआड फवारणी चाललेली. एकाने नेमका प्रश्न विचारला: ‘‘बोर्डो मारतो, गंधक मारतो, डाऊनीची मारतो, ती समदी दिसत्यात का यात?’’ नाही दिसत. ती बुरशीनाशकं, त्यांचा या एन्झाइमशी संबंध नाही. द्राक्षावर जास्त मारा तर त्यांचाच असतो. म्हणजे आमचा आकडा चांगला आला म्हणून माणूस सुखरूप असं होत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग अर्धंच बघताय की.’’ हो, अर्धंच.

ज्यांची पातळी फार उतरली त्यांना डॉक्टर फोन करायचे. मर्यादा कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या नियमांवरून घेतलेल्या: स्वतःच्या आधीच्या पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासा, तांबड्या पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की फवारणी बंद. त्या म्हातारीचा मुलगा, सेक्रेटरीला घेऊन आलेला, पेशींत ६६ वर आला होता. त्याला काही होत नव्हतं. ‘‘जरा डोकं धरतं संध्याकाळी, ते उन्हानं.’’ डॉक्टरांनी त्याला बागेत औषधाला जायचं नाही असं बजावलं. पेशींवरचं एन्झाइम नव्या पेशी येतील तसंच भरतं, दिवसाला एखादा टक्का, म्हणून चार आठवड्यांनी पुन्हा रक्त.

तो जानेवारीत आला, ठरल्या दिवशी, हात धुऊन, न्याहारी करून. शीर तीच, मी डाव्या हाताची घेतली.

‘‘मारलं नाही ना मधे?’’

‘‘एकदाबी न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर.’’

‘‘मग बागेचं?’’

‘‘पोरगं मारतंय की. ब्लोअरवर मस्त हात बसलाय त्याचा.’’ पहिला जांभळा भरत आला होता. ‘‘त्याचंबी घ्या की बघून. बाहेर गाडीवर बसलाय.’’

‘‘किती वर्षांचा?’’

‘‘सतरा.’’

अभ्यास अठरा पूर्ण झालेल्यांचा होता. मी तसं सांगितलं, आणि त्याने तरी औषध मारू नये हेही सांगितलं. तो छताकडे बघत बोटांवर मोजायला लागला.

‘‘अजून चार म्हैनं हायेत त्याला.’’

‘‘हात सरळ ठेवा. कोपर वाकवू नका, बोळा दाबून धरा.’’

त्याने बोळा दाबून धरला. मी बल्ब आठ वेळा उलटा केला आणि वेळ लिहिली, ९:१७.